रि म्हणजे परत

सोमवार, ३ मार्च

चि. म्हणजेबाईस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. लहानपणी प्रत्येक वाक्याला ‘म्हणजे काय?’ असं विचारून तू माझं डोकं खाल्लंस, म्हणून तुझं हे नाव मीच ठेवलं. आता शब्दकोशाच्या कचेरीत बसून त्याच प्रश्नाचा पगार घेतेस. तेव्हा आज तोच प्रश्न मी तुला विचारला तर तक्रार करू नकोस.

इंग्रजीतला ‘रिपेअर’ हा शब्द आला कुठून? त्यातला ‘रि’ कोण, ‘पेअर’ कोण, दोघांची ओळख कुठे झाली, सगळं कुळ-मूळ हवं. फोनवर सांगू नकोस. निकाल लेखी हवा, खाली तुझी सही हवी, आणि कचेरीचा शिक्का उमटवता आला तर सोन्याहून पिवळं.

झालं असं की दुकानाला नवी पाटी करायची आहे. जुन्या पाटीवरच्या ‘बॅग दुरुस्ती’तलं ‘बॅ’ उडून वर्ष झालं. नुसतं ‘ग दुरुस्ती’ उरलंय. मागच्या महिन्यात एक बाई आत येऊन विचारत होत्या, इथे गाण्याची शिकवणी असते का. म्हटलं आता पुरे. पेंटरला बोलावलं. त्याने फळीवर खडूने ‘मामा बॅग रिपेअर’ असं झोकात आखलं. गल्लीत मला सगळे मामा म्हणतात आणि तिला मामी, तेव्हा नावाचा प्रश्नच नव्हता.

तर तुझ्या मामीने ती अक्षरं पाहिली आणि एक शोध लावला. म्हणाली, “रिपेअर म्हणजे रि अधिक पेअर. पेअर म्हणजे जोडी. बॅगेच्या चेनला दोन बाजू, हँडलं दोन, चाकं दोन. जोडीतलं एक बिघडलं की माणूस आपल्याकडे येतो. आपण जोडी परत लावून देतो. म्हणून रि-पेअर.” मी म्हटलं, बघू या, आपली म्हणजेबाई आहेच. बस, एवढंच.

मामी सध्या इथे नाही. आठवडा होत आला, हवापालटाला तिच्या बहिणीकडे गेली आहे. भांडणबिंडण काही नाही. घर अगदी शांत आहे. मी रेडिओला प्रश्न विचारतो आणि तो भलतंच उत्तर देतो, इतकंच.

पेंटर रंगाचा डबा उघडून बसला आहे. लवकर लिही.

तुझा,
मामा

·

शुक्रवार, ७ मार्च

ती. मामास नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. शिक्का मिळणार नाही. आमचे मोठे संपादक तो स्वतःच्या कपाटात ठेवतात आणि कपाटाची किल्ली खिशात. सही मात्र करते.

‘रिपेअर’ मूळचा लॅटिनमधला, फ्रेंचांकडे मुक्काम करून इंग्रजीत आलेला. त्यातलं ‘पेअर’ म्हणजे जोडी नव्हे. ‘परारे’ नावाचं एक क्रियापद होतं, त्याचा अर्थ तयार करणे, सज्ज करणे. ‘प्रिपेअर’मध्येही तेच बसलंय. ‘प्रि’ म्हणजे आधी, म्हणून प्रिपेअर म्हणजे आधी तयार करणे. ‘रि’ म्हणजे परत, म्हणून रिपेअर म्हणजे परत तयार करणे. जोडीचा ‘पेअर’ वेगळ्या घरातला. तो ‘सारखा, बरोबरीचा’ अशा अर्थाच्या शब्दापासून आला. बोलताना दोघे सारखे वाटतात, पण नातं काही नाही.

तेव्हा शब्दापुरता निकाल असा, की मामी चुकली. पण मामा, तिचा चुकीचा अर्थसुद्धा आमच्या कोशाच्या कार्डावरच्या बरोबर अर्थापेक्षा जास्त समजुतीचा आहे. हे मी कोशात लिहू शकत नाही, तुला लिहू शकते.

आणखी एक. हा ‘रि’ मोठा सोयीचा उपसर्ग आहे. कधी तो ‘पुन्हा’ असतो, कधी ‘माघारी’. आपल्या ‘परत’चं अगदी तसंच. ‘परत कर’ म्हणजे पुन्हा कर, की घेतलेलं देऊन टाक? दोन्ही. इतका तंतोतंत जोडीदार शब्द क्वचित सापडतो. आमच्या कचेरीत त्यावर अर्धा दिवस चर्चा झाली आणि चहा दोनदा झाला.

मामी बहिणीकडे आहे असं तू म्हणतोस, तर असेल. मला काही ठाऊक नाही. पण इंग्रजीच्या सरांसमोर तू तिला तसं हसायला नको होतंस, असं मला वाटतं.

इकडे सगळं ठीक. माझ्या कचेरीच्या बॅगेचा पट्टा तुटला होता. आता असा पक्का शिवलाय की बॅग फाटेल, पण पट्टा निघणार नाही.

तुझी,
म्हणजेबाई

·

सोमवार, १० मार्च

चि. म्हणजेबाईस,

जिंकलो! तुझं पत्र मी दुकानात उभं राहून मोठ्याने वाचलं. ऐकायला पेंटर आणि एक मांजर होतं. पेंटर म्हणाला, “परारे? हा कुणाला हाक मारतोय?” मी म्हटलं, गप बस, लॅटिन आहे.

पण तुझ्या मामीचा अर्थ मला सोडवत नाही, हे खरं. तिच्या हिशेबाने ‘प्रिपेअर’ म्हणजे जोडी जमण्याच्या आधीचं सगळं, पाहायला जाणं, पोहोचवायला जाणं, उगाच छान कपडे घालणं. आणि ‘रिपेअर’ म्हणजे लग्नानंतरची पंचवीस वर्षं. काय चूक आहे सांग! आणि ‘रि’ म्हणजे परत, तर मग ‘रिकामा’ म्हणजे कोण? परत कामाला लागलेला! मी सध्या तसाच आहे. रिकामाही आणि कामालाही.

कारण शिवणकाम माझ्याने होत नाही. चेनचा रनर बदलणं, चाकं बसवणं, रिव्हेट ठोकणं हे माझं. सुई-दोरा तिचा. आठवड्यात मी एका मुलीच्या दप्तराचा खिसा असा शिवला की आता तो खिसा राहिला नाही, त्याची आठवण राहिली. एका वकिलांच्या बॅगेचं हँडल खालच्या बाजूला बसवलं. त्यांनी ऐटीत बॅग उचलली आणि सगळे अशील रस्त्यावर पसरले, म्हणजे अशिलांचे कागद. ते मला काय काय म्हणाले ते तुझ्या कोशात नसावं.

आता तुझ्याकडे वळतो, बाईसाहेब. मी माझ्या पत्रात इंग्रजीच्या सरांचं नावही काढलं नव्हतं. हसल्याचंही लिहिलं नव्हतं. मग तुला कुणी सांगितलं? आणि तुझ्या बॅगेचा पट्टा कुणी शिवला? शेवटच्या टाक्याला आतून दुहेरी उलटी गाठ आहे का बघ. जगात तशी गाठ मारणारी एकच बाई आहे. खोटं बोलायचं तर आधी बॅग लपवायची असते. तुला शब्द येतात, लबाडी येत नाही. ती आमच्या घराण्यात फक्त माझ्याकडे आली.

तिला विचारलंय म्हणून सांगू नकोस. सोबतची चिठ्ठी तेवढी तिच्या हातात दे. दोनच शब्द आहेत. ती आल्याशिवाय पाटीला रंग लावायचा नाही असं मी पेंटरला बजावलंय. तो रोज येतो, चहा पितो आणि खडूची अक्षरं गिरवून जातो.

मामा

(चिठ्ठी: परत ये.)

·

शुक्रवार, १४ मार्च

मामा,

नमस्कार करण्याच्या मनःस्थितीत मी नाही, तरी करते.

हो, मामी माझ्याकडे आहे. सव्वीस फेब्रुवारीला दुपारी, एक चाक कुरकुरणारी बॅग ओढत आली. मला शपथ घातली होती म्हणून बोलले नाही. आल्या दिवसापासून हात रिकामा ठेवला असेल तर शपथ. माझी बॅग झाली, माझ्या शेजारणीची झाली, वरच्या मजल्यावरच्या सगळ्या पिशव्या झाल्या. शेजारणीच्या पिशवीत एक टाका तिरका गेला तर तिने अख्खी शिवण उसवून परत घातली. शेजारीण म्हणाली, असू दे हो, कुणाला दिसतंय? मामी म्हणाली, “मला दिसतंय ना.”

आता तुझी चिठ्ठी. मी ती मोठ्या आशेने तिच्या हातात ठेवली. तिने वाचली, चष्मा काढला, परत वाचली आणि फणकारली. “परत ये! हे तर गिऱ्हाइकाला सांगतात. चाक आलं नाही, उद्या परत या. रनर मिळाला नाही, परवा परत या. आज जा, मग केव्हा तरी परत ये! मला दारातून टोलवतात होय?” मी समजावलं की इथे ‘परत’ म्हणजे माघारी. ती म्हणाली, “म्हणजे काय ते तुला कळतं, त्यांना कळतं का विचार.” दोष माझाच. ‘परत’चे दोन अर्थ मीच तुला कौतुकाने सांगितले, आणि तू नेमका तोच शब्द उघड्यावर पाठवलास. तीन शब्द आणखी लिहायला काय झालं होतं?

मग तिने मला खरी गोष्ट सांगितली, जी तू सोयिस्करपणे गिळलीस. तिचा शोध ऐकून दुकानात आलेले सर हसले. ते एक वेळ तिने सोडून दिलं असतं. तू हसलास, तेही. पण वर तू म्हणालास, “तुला काय कळतंय त्यातलं? तू आपली शिवत बस.” पंचवीस वर्षं जिने शिवलं, तिला! आणि ती पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, “यात मी कुठे आहे?” तर तू म्हणालास, “जागा कुठे आहे?” मामा, ‘मामी’ला दोन अक्षरं लागतात.

आता नीट ऐक, हे गमतीचं नाही. आमच्या रस्त्यावर एक टेलर आहे. त्याने तिचं काम पाहिलं आणि दुकानातला खिडकीजवळचा कोपरा तिला देऊ केला. एक एप्रिलपासून. ती हो म्हणण्याच्या बेतात आहे. तू ‘एप्रिल फूल’ म्हणून हसशील, पण ती खिडकीचं माप घेऊन आली आहे. ती एकदा तिथे बसली की तिकडे येणार नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

एक गोष्ट तुझ्या हातात देते. तुझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. परवा मोठ्या संपादकांना मी तुझ्या पाटीची हकिगत सांगितली. ते म्हणाले, “कार्डाच्या पाठीमागे बघितलंत का?” बघितलं. इंग्रजीत ‘रिपेअर’ नावाचा आणखी एक शब्द आहे. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, पण कुळ निराळं. आता फारसा कुणी वापरत नाही, जुन्या पुस्तकांतून भेटतो. त्याचं मूळ ‘रिपात्रिआरे’. ‘रि’ म्हणजे परत, आणि पुढचा भाग मायभूमीचा. म्हणजे आपल्या मुलखात परत जाणे, घरी जाणे. दुरुस्तीशी त्याचा काडीचा संबंध नाही, तरी दोघे एकाच वेषात हिंडतात.

हे मी मामीला सांगितलेलं नाही. ते माझं काम नव्हे.

म्हणजेबाई

·

रविवार, १६ मार्च

श्री. दुकानदार यांस,

पत्रास कारण की, माझी काही हत्यारं आपल्याकडे राहिली आहेत. ती पोचवावीत. मोठी सुई, वाकडी सुई, मेणाचा गोळा (खोबणीतला, बाहेरचा नव्हे, बाहेरचा तुम्ही दाराची बिजागरी कुरकुरते म्हणून वापरला आहे) आणि माझं पितळी अंगुस्तान. त्याच्यावर एका बाजूला पोचा आहे. तो माझ्या बोटाच्या ओळखीचा आहे, म्हणून तेच हवं. नवं घेऊन पाठवण्याचा शहाणपणा करू नये.

शब्दाबद्दल म्हणाल तर निकाल मी ऐकला आहे. मी चुकले. जोडी नव्हे, तयार करणे. मला सांगितलं असतंत तर मीही ऐकलं असतं. चूक दाखवायला ना नाही. हसून दाखवायला आहे.

वरच्या कप्प्यात तीन बॅगा माझ्या कामाच्या पडून आहेत. त्यांना हात लावू नये. वकिलांच्या बॅगेची बातमी इथवर आली आहे.

गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असतात, आधी नाही.

आपली,
शिवत बसलेली

·

गुरुवार, २० मार्च

प्रिय ‘शिवत बसलेली’स,

तुझं पत्र आलं. मी ते उभ्याने वाचलं, मग स्टुलावर बसून वाचलं, मग दुकानाचं अर्धं शटर ओढून वाचलं.

आधी जे लिहायला हवं होतं ते लिहितो. मी चुकलो. ‘तू आपली शिवत बस’ हे मी बोललो, आणि सरांना हसवायला बोललो. सर शिकलेले, त्यांच्यासमोर मलाही जरा शिकल्यासारखं वाटावं म्हणून तुला खाली बसवलं. त्यात माझी अक्कल दिसली, तुझी नाही. घरात तू नाहीस तर मला करमत नाही. सकाळी दोन कप चहा होतो आणि एक गार होतो. हे गमतीत लिहीत नाही.

आता दुकानाची बातमी. पाटी झाली! पेंटर कंटाळला होता, शेवटी मी म्हटलं, मार रंग. निळ्यावर पिवळी अक्षरं. नीट वाच. ‘मामी-मामा बॅग रि-पेअर.’ मधली रेघ मी स्वतः दाखवून काढून घेतली. चांगली बोटभर लांब आहे, रस्त्याच्या पलीकडून दिसते. तुझं नाव आधी आहे, कारण शिवण आधी होते, चाकं मागून लागतात. त्याखाली बारीक अक्षरांत ‘जोडी परत जोडून मिळेल.’

परिणाम भयंकर झाला. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ एकच मोजा घेऊन आले. म्हणाले, दुसरा धुलाईत हरवला, जोडी कधी मिळेल? एका बाईंनी एक कानातलं आणलं. तिसऱ्या दिवशी तर एक काकू नवऱ्याचा दंड धरून आल्या, त्याला काउंटरसमोर उभा केला आणि म्हणाल्या, “हे चार दिवस बोलत नाहीत, बघा काही होतंय का.” मी म्हटलं, काकू, माझीच बॅग आधी उघडी पडली आहे. त्यावर तो गृहस्थ हसला आणि चार दिवसांनी बोलला. काय बोलला तर “चल घरी.” काम झालं, मला धन्यवादही मिळाले.

सर आले होते. चष्मा वर करून पाटी वाचली आणि म्हणाले, ती रेघ सपशेल चूक आहे. मी म्हटलं, माझ्या बायकोला विचारून सांगतो. तेव्हा विचारतो. आता शब्दाचं खरं-खोटं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. ती रेघ चूक असली तर काय करायचं? इथे पाटीसमोरून रोज शंभर माणसं जातात आणि सगळ्यांना ती दिसते.

म्हणजेबाईने एक आणखी शब्द कळवला आहे. दुसरा रिपेअर, या रिपेअरचा कुणी नाही, नुसता सारखा दिसतो. त्याचं मूळ म्हणे ‘रिपात्रिआरे’. मी ते वाचलं आणि मला वाटलं, कुणी तरी आनंदाने ओरडतंय, ‘परत पात्र आलं रे!’ पण अर्थ साधा आहे. घरी परत जाणे. मागच्या चिठ्ठीत मला हेच म्हणायचं होतं. गिऱ्हाइकाचं परत नव्हे. माघारीचं परत. आपल्या घरी, आपल्या स्टुलावर.

अंगुस्तान पाठवत नाही. कारण लिहिण्यासारखं नाही.

तुझा,
चाकं बसवणारा

·

शनिवार, २२ मार्च

मामा,

घाईत लिहिते. मामीने तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा ‘एक गार होतो’पाशी थांबली आणि खिडकीबाहेर बघत बसली. दुसऱ्यांदा रेघेपाशी थांबली आणि ताडकन उठली. “चुकीची रेघ! माझ्या नावाखाली! सगळ्या रस्त्याला दिसेल अशी!” मी म्हटलं, पत्राने कळव, ते पुसतील. ती म्हणाली, “त्यांना पुसायला सांगितलं तर ते पाटी पुसतील.” बॅग भरायला घेतली आहे.

एक विचारू? तुला निकाल पाठवून दोन आठवडे झाले होते. ती रेघ चूक आहे हे तुला पक्कं ठाऊक होतं. एक तिरका टाका तिला सहन होत नाही, हेही मीच तुला कळवलं होतं. लबाडी घराण्यात फक्त तुझ्याकडे आली, हे आता मान्य.

टेलर अजून कोपरा झाडून ठेवतोय. मामी फक्त रेघ पुसायला जाते आहे, असं तिने मला तीनदा सांगितलं. पुढचं तुझ्यावर आहे. कृपा करून कमी बोल.

म्हणजेबाई

·

शनिवार, २९ मार्च

चि. म्हणजेबाईस,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले. बॅगेचं चाक वाटेत निखळलं, ते यांनी पहिल्याच दिवशी बसवलं.

आधी अंगुस्तानाचं सांगते. ‘पाठवत नाही, कारण लिहिण्यासारखं नाही’ हे वाचून मला वाटलं होतं, माया असेल. मी येताना बसमध्ये त्यावर विचारही केला, उगाच कशाला खोटं बोलू. येऊन बघते तर अंगुस्तान यांच्या करंगळीत अडकलेलं! चार दिवस तसंच. तीन बॅगांना हात लावू नये म्हणून मी बजावलं, तर यांनी त्याच घेतल्या आणि माझं अंगुस्तान घालून शिवायला बसले. करंगळी सुजून टोमॅटो झाली होती. साबण लावला, तेल लावलं, शेवटी दोऱ्याचे वेढे देऊन काढलं. मी म्हटलं, “आणि मला वाटलं माया म्हणून पाठवलं नाही.” तर म्हणतात, “घातलं मायेनेच होतं. निघेना ते सुजेमुळे.” काय बोलणार अशा माणसाशी?

मग मी म्हटलं, आधी ती रेघ. शिडी मागितली, पेंटरकडून निळा रंग आणि बारीक ब्रश घेतला आणि वर चढले. खाली शिडी धरून हे. पाटी जवळून पाहिली. ‘मामी’ मोठं आहे, ‘मामा’ जरा लहान आहे. अक्षर एवढं मोठं काढायला पेंटरला सांगावं लागतं, ते आपोआप होत नाही.

तेवढ्यात नेमके इंग्रजीचे सर आले. वर बघून म्हणाले, “बाई, बरं केलंत. ती रेघ अडाणीपणाची आहे.”

मी वरूनच म्हटलं, “ठाऊक आहे, सर. ‘रि’ म्हणजे परत, ‘परारे’ म्हणजे तयार करणे. जोडीचा पेअर दुसऱ्या घरातला. आणि घरी जाण्याचा रिपेअर तिसऱ्याच घरातला. तो तुम्हाला ठाऊक आहे का?”

सरांना तो ठाऊक नव्हता. ते यांच्याकडे बघून हसले, मागच्या वेळी हसले होते तसंच, म्हणजे आपण दोघे शहाणे अशा थाटात. म्हणाले, “मामा, यांना कुणी पढवलं हे?”

मी ब्रश तसाच धरून उभी राहिले. खरं सांगते, माझं सगळं लक्ष खाली होतं. हे आता काय म्हणतात त्यावर मी रंगाचा डबा यांच्या डोक्यावर ओतणार की नाही ते ठरणार होतं. टेलरची खिडकीसुद्धा त्यावरच होती.

हे हसले नाहीत. शिडीवरचा हातही काढला नाही. शांतपणे म्हणाले, “सर, तिला कळतंय त्यातलं. तुम्ही आपले वाचत बसा.”

सर गेले. त्यांची बॅग काउंटरवरच राहिली आहे, येतील परत. तिचा कोपरा उसवलाय, तो मी शिवून ठेवला आहे. राग आपल्या जागी, काम आपल्या जागी.

टेलरला माझा निरोप सांग. कोपरा चांगला होता, उजेडही चांगला होता, पण मला नको. त्याच्या कात्रीला धार लावून घ्यायला सांग. आणि तुला ‘परत ये’ म्हणते, तेव्हा ते पुन्हा की माघारी हे शोधत बसू नकोस, रविवारी ये.

रेघ मी पुसली नाही. चुकीचा टाका आयुष्यात पहिल्यांदाच तसा राहू दिला. तुझ्या संपादकांना सांगू नकोस, आणि मला ‘म्हणजे काय?’ विचारू नकोस.

तुझी,
मामी